चष्म्याविरुद्ध कोट

मी एक जुना काळा कोट आहे आणि तो खटला आम्ही जिंकलो. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. खटला झालाच नाही. आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू.

माझा जन्म कोर्टामागच्या गल्लीत, एका शिलाई मशीनवर झाला. मला शिवणाऱ्या मावशींचा चष्मा चांगला जाड होता. तो काढला की त्यांना सुई, मशीन आणि गिऱ्हाईक सगळं सारखंच दिसायचं. माझा मालक तेव्हा नवाकोरा सरकारी वकील होता. माप घेताना मावशींनी त्याला दटावलं, "पोट आत ओढू नकोस रे. कोटाशी खोटं बोलू नये." कोटाच्या आतून बोललेलं चालतं का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली. "कोट बघूनच निम्मी केस जिंकतोस तू," असं त्याची बायको म्हणायची. उरलेली निम्मी तो हरायचा.

मग ती केस आली, जी झालीच नाही. राज्याचा निवडणूक कायदा असा होता की, उमेदवारांच्या चिन्हांपैकी कुठलीही वस्तू मतदान केंद्रात न्यायची नाही. त्या वर्षी एका उमेदवाराचं चिन्ह होतं चष्मा. मावशींचा चष्मा दारातच काढून घेतला. त्यांना मत द्यायचं होतं बादलीला. अंदाजाने मारलेला शिक्का पडला टोपलीवर. आणि टोपलीवाला तर त्यांचं दुकान पाडायला निघाला होता! मावशी कोर्टात गेल्या. कायदा रद्द करा, मला पुन्हा मत देऊ द्या, एवढंच मागणं. कायद्याच्या बाजूने उभे होतो आम्ही.

मावशींनी आधी मला पाहिलं, मग वकिलाला. "काखेत आवळत नाही ना रे?"

"नाही, मावशी," तो पुटपुटला आणि लगेच हात उंचावून त्याने त्यांच्याकडेच बोट रोखलं. बोट त्याचं होतं, मित्रांनो, पण बाही माझी होती.

न्यायाधीशबाईंनी चिन्हांची यादी चाळली. "वकीलसाहेब, यात कोटही आहे. तुम्ही मत द्यायला काय घालून गेला होतात?"

"हाच कोट, महोदया."

"तुम्हाला नाही अडवलं?"

"कोट अंगावर असला की कपडा असतो, महोदया. खुंटीवर टांगला की चिन्ह."

"आणि चष्मा?"

"त्याचं नेमकं उलट. डबीत असला की वस्तू, नाकावर आला की चिन्ह."

लाजेने माझं अस्तर ओलं झालं. कोटाला जे करता येतं ते मी केलं. पोटावरचं बटण सोडलं. ते गडगडत मावशींच्या पायाशी गेलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "युक्तिवाद हसण्यासारखा आहे. पण कायदा विधिमंडळाने केलाय, आणि पेटीतलं मत कुणाचं ते आता ओळखता येत नाही. अर्ज फेटाळला."

बाहेर व्हरांड्यात मावशींनी पिशवीतून सुईदोरा काढला. "हलू नकोस, टोचेल." उभ्या उभ्या त्या माझं बटण लावू लागल्या. वकील छताकडे बघत म्हणाला, "मावशी, माझं कामच आहे हो ते."

"माहितेय की. माझंही हेच काम आहे." त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि चालू लागल्या.

टोपलीवाला निवडून आला. दुकान पाडलं. वकिलाला बढती मिळाली, त्याने तयार कोट घेतला. मी कपाटात पडून आहे. कसर लागली आहे आणि शिवायला कुणी नाही. मित्रांनो, आपले कपडे जपा. पण ते घालून आपण कुणाविरुद्ध उभे राहतो, तेही एकदा बघत जा.

सबब, माननीय निवडणूक कार्यालयास नम्र विनंती की, पुढील मतदानाच्या दिवशी सदर कोटास दारातच अडवून जप्त करण्यात यावे, सदर मावशींना चष्म्यासह आत सोडण्यात यावे, आणि टोपलीवर पडलेला त्यांचा शिक्का अलगद उचलून शेजारच्या बादलीवर ठेवण्यात यावा. शाई वाळण्यापूर्वी कार्यवाही व्हावी.