दोर धरणारी

एका जागी बसणं माझ्या स्वभावात नाही. लग्न होऊन कोल्हारला आले, त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून मी उसाच्या बांधांवरून पळतेच आहे. यंदा संक्रांतीला गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरला आणि म्हणाले, "सत्यशीलाबाई, चालणं कमी करा आणि पोहायला लागा. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. नाहीतर दोन वर्षांत वाट्या बदलाव्या लागतील."

मी घरी येऊन खुर्चीत बसले आणि दोन महिन्यांत माझं डोकं फिरायला लागलं. टीव्हीचा आवाज सोसेना, घासलेली भांडी परत घासावीशी वाटत. डाळीला फोडणी जास्त झाली तरी मालकांवर ओरडायचे. गाव त्यांना आसारामदादा म्हणतं आणि त्यांना शांत समजतं. ते शांतच आहेत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. एक दिवस तेच म्हणाले, "घरची विहीर हाय की. चल, शिकिवतो."

आमच्या विहिरीत त्यांनी भावकीतली सगळी पोरं पोहायला शिकवली. पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन आणि कमरेला दोर बांधायचा. मालक पाण्यात उतरायचे आणि मी वर काठावर दोर धरून उभी राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पोर हातपाय नीट मारायला लागलं, की मालक खालून डोळ्यांनी खुणावायचे आणि मी दोर हळूच सोडून द्यायची. पोर ओरडायचं, "काकू, धरलाय का?" मी रिकामे हात पदराला पुसत म्हणायची, "धरलाय की!" तेवीस पोरांशी मी हे खोटं बोलले, त्यात आमची लेक दिशासुद्धा आली. एकालाही कधी कळलं नाही, याचा मला तोराच होता.

आता मीच पाण्यात उतरले, दिशाचा जुना पंजाबी ड्रेस घालून, रोज सकाळी मजूर यायच्या आत. पहिले चार दिवस मालक सोबत पाण्यात होते. दोर मोटारीच्या पाइपाला बांधलेला होता आणि हातपाय मला बरे जमत होते. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "आता मी वर दोर धरतो." तिथेच सगळं बिघडलं. त्यांच्या हातात दोर म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

"धरलाय का?"

"धरलाय की."

मी लगेच मान वर करून बघायची. मान वर गेली की पाय खाली जातात. मग नाकातोंडात पाणी, आणि मी पाइपाला मिठी मारून बसलेली. पुन्हा निघायचं, दोन हात मारायचे, पुन्हा वर बघायचं. असे आठ दिवस गेले. विहिरीची रुंदी काही माझ्याच्यानं पार होईना.

"वर काय बघतीस सारखी?" मालक शेवटी वैतागले. "तीस वर्सं संसार केलास, तरी भरवसा न्हाई व्हय माझा?"

"संसारात हाय. दोरात न्हाई!"

"शप्पत घेतो."

"शपथा मीपण लई घेतल्यात तिथं उभं राहून!"

मी वर आले, कॅन सोडून गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला आणि परत खुर्ची धरली. पाय हलवत बसायचे. ऊस तोडणीला आला होता आणि मी खिडकीतून बघत होते. आपण संपलो, असंच वाटायला लागलं.

रविवारी दिशा आली. ती भिंगारला नोकरीला असते. पत्र्यावरचा कॅन बघून तिनं विचारलं, तेव्हा मी चिडून सगळं सांगितलं, दोराच्या लबाडीसकट. वाटलं, हिला धक्का बसेल. ती पोळीचा तुकडा चावत म्हणाली, "आई, आम्हाला माहीत होतं ते."

"काय माहीत हुतं?"

"तू दोर सोडायचीस ते. कमरेची ओढ जाते, लगेच कळतं. मला कळलं, भावकीतल्या रामला कळलं, सगळ्यांनाच कळायचं."

माझा तोरा जागच्या जागी उतरला. "मग वरडली का न्हाईस?"

"घाबरले होते. पण म्हटलं, आईनं सोडलाय म्हणजे मला येत असणार. तू काय उगीच सोडशील?"

"मग 'धरलाय का' कशाला इचारायचीस?"

"तू वर आहेस ना, तेवढं बघायला."

ती हात धुवायला उठली आणि मी पदर डोळ्यांना लावला. मला खूप रडू आलं.

सोमवारी सकाळी मीच कॅन काढून आणला. मालकांनी दोर बांधला आणि ते वर जाऊन उभे राहिले. मी पाइप सोडला. सात-आठ हात मारले असतील, आणि कमरेची ओढ गेली. दिशानं सांगितलं होतं तशीच गेली. पाच परस, पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी माझ्या खाली होतं. मान वर जायला निघाली होती, ती मी दात आवळून धरली.

"अहो, धरलाय का?"

"धरलाय की!" मालक वरून म्हणाले. आवाज अगदी काठावरून आला, ते तिथंच होते.

"धरा, धरा," मी म्हणाले, आणि वर न बघता पलीकडच्या भिंतीकडे निघाले.