चिरंजीवांची वेणी

वस्तादांची मागणी तशी साधी होती. पोरानं केस कापावेत. वर्षभर ते ही एकच गोष्ट मागत होते. आधी समजावून, मग ओरडून, मग लाडीगोडी लावून, आणि शेवटी आठ दिवस अबोला धरून. अबोल्याचा तर उलटाच परिणाम झाला. चिरंजीवांना वाटलं, चला, बाबांनी विषय सोडला एकदाचा.

वस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बंदरावरच्या दोरखंडांच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढल्यावर माणसाचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरतं. जहाजं बांधायचे मनगटाएवढे जाड दोर तिथं झिजून, तुटून यायचे आणि वस्ताद ते जोडायचे. दोराचे तीन पेड उलगडायचे आणि लाकडी टोच्यानं वाट करत करत समोरच्या दोराच्या पेडांमधून खालीवर ओवायचे. गाठ नाही, गोंद नाही, नुसती वीण. पण अशी, की दोर दुसरीकडे कुठंही तुटेल, वस्तादांच्या जोडाला तुटणार नाही. नव्या पोरांना ते पहिल्याच दिवशी ऐकवायचे, "माझा जोड सुटत नसतो. नको झाला तर कापायचा." यात थोडी बढाई होती, पण खोटं काही नव्हतं.

आता अशा माणसाच्या घरात सतरा वर्षांचा मुलगा खांद्याखाली रुळणारे केस घेऊन हिंडतो म्हणजे काय! आणि बायको म्हणाल तर तिचे केस लग्नाआधीपासून कानाच्या वर. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, सकाळी साडेसहाला घर सोडायची, आणि केसांचे लाड करायला आपल्याला वेळ नाही असं तिनं विसाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

"बाईचे आखूड, पोराचे लांब. घरात सगळा उलटाच कारभार," वस्ताद कुरकुरायचे.

"आणि तुमचे निघाले टक्कल पाडायला. तुमचं खरं दुखणं तेच आहे," ती म्हणायची. तिला पोराचे केस मनापासून आवडायचे. तक्रार एकच, शाम्पूची बाटली आठ दिवसांत संपते.

पण वस्तादांचं दुखणं ते नव्हतं. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एका सोबत्याचा मफलर विंचमध्ये, दोर ओढून गुंडाळणाऱ्या यंत्रात, ओढला गेला होता. विंच वेळेत थांबला म्हणून माणूस वाचला, पण गळ्यावरचा वळ जन्मभर राहिला. तेव्हापासून लोंबणारं काहीही दिसलं की वस्तादांना तो वळ आठवायचा. पोरगा वाऱ्यात उभा राहिला की आईला राजकुमार दिसायचा आणि बापाला विंच. आता, "मला भीती वाटते रे" एवढं सांगून मोकळं व्हायला काय हरकत होती? पण नाही, तेवढ्यासाठी जीभ रेटायची नाही. मग "झिपऱ्या काय वाढवल्यात", "शोभतं का हे", "लोक काय म्हणतील". लोक काहीही म्हणत नव्हते. लोकांना एवढा वेळ कुठाय?

त्यातच एक पत्र आलं. वर्कशॉपमध्ये दरवर्षी तीन शिकाऊ मुलं घ्यायचे. यंदा चिरंजीवांची निवड झाली होती, तीही परीक्षा देऊन, ओळखीवर नव्हे. वस्तादांनी ते पत्र चार वेळा वाचलं, एकदा तर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. पण खाली एक ओळ होती: यंत्रांजवळ मोकळे केस चालणार नाहीत.

"आता तरी कापतोस की नाही?" वस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मग शिकणं राहिलं."

"राहू दे. मामा बोलावतोय ना. त्याच्या मोबाइलच्या दुकानात बसेन. तिथं कोणी माझ्या डोक्याकडे बघत नाही."

मामा राहायचा रेल्वेनं चौदा तासांवर.

"जा की मग! अडवलंय कोणी?" वस्ताद गरजले आणि तडक गॅलरीत जाऊन उभे राहिले. पोरगा खरंच आत जाऊन बॅग शोधायला लागला. माळ्यावरून बॅग काढल्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला.

बायको मागून येऊन उभी राहिली. "तो गेला ना, तर परत येणार नाही, सांगून ठेवते. येईल सुट्टीत चार दिवस, पाहुण्यासारखा. आपण चांगल्या चादरी काढू, तो 'असू दे, असू दे' म्हणेल. चालेल तुम्हाला?"

वस्तादांना चालणार नव्हतं. त्यांना पोरगा घरात हवा होता. सकाळी डबा घेऊन आपल्याबरोबर बंदराच्या रस्त्यानं चालणारा, आपली विद्या शिकणारा, आपला पोरगा. केसांसकट नको होता, हे खरं. पण केसांशिवाय मिळतच नसेल, तर काय करायचं माणसानं?

शनिवारी दुपारी ते सुपरवायझर बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. सत्तावीस वर्षांत वस्ताद काही मागायला आलेले बाईंनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"कापा असं कुठं लिहिलंय?" सगळं ऐकून बाई म्हणाल्या. "मोकळे नकोत, असं लिहिलंय. घट्ट बांधून आणा. पण वस्ताद, मी स्वतः ओढून बघणार. एक बट जरी सुटून हातात आली, तर घरी पाठवीन, कायमचा. तुमचा मुलगा म्हणून सूट नाही."

"सूट मागतंय कोण?" वस्ताद म्हणाले आणि मान ताठ करून बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी ही आनंदाची बातमी आपल्या पद्धतीनं दिली. म्हणजे खेकसून. "सोमवारी पाचला उठायचं. वेणी घालायचीय तुझी."

चिरंजीव अर्धवट भरलेल्या बॅगेजवळ आ वासून बसले. "कोण घालणार?"

"मी. नाहीतर काय तुझी आई? तिला येते का?"

"मला नाही येत बाई," स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं. त्या आवाजात हसू मावत नव्हतं.

सोमवारी पहाटे पोरगा बुटक्या स्टुलावर बसला, मागं खुर्चीवर वस्ताद. डोक्याला हात लावला आणि ते जरा थांबलेच. काथ्याचा दोर हाताला लागतो, उलट झगडतो. हे केस पाण्यासारखे बोटांतून निसटत होते. या डोक्याला आपण शेवटचा हात कधी लावला होता, हे त्यांना आठवेना. ताप आला होता तेव्हा बहुतेक. त्याला सात-आठ वर्षं झाली असतील.

"ओढतंय का रे?"

"नाही," पोरगा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हे त्यांना मागून दिसत नव्हतं.

मग मात्र वस्तादांचे हात आपल्या कामाला लागले. त्यांनी केसांचे तीन पेड केले. प्रत्येक पेडाला वेगळा पीळ दिला, मग तिन्ही एकमेकांवर चढवले. खाली आल्यावर टोकं लोंबत कशाला ठेवायची? ती उलटी फिरवून, एकेक करून पुन्हा वर वेणीतच ओवून टाकली. मानेशी, मध्ये आणि खाली मेण लावलेल्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आणि दोऱ्याची टोकं आत अशी गाडली, की ब्रह्मदेवालाही सापडू नयेत. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी वेणी तळहातांमध्ये धरून वळली, जशी जोड पक्का बसावा म्हणून दोरावर वळतात.

"अगबाई!" बायको हातातलं काम सोडून बघत राहिली. "अहो, ही तर प्रदर्शनात ठेवायला हवी."

पोरानं दोन आरसे धरून मागं-पुढं पाहिलं. "बाबा, भारी झालीय."

हा शब्द वस्तादांनी त्याच्या तोंडून वर्षभरात आपल्या बाबतीत ऐकला नव्हता. "चल, चल, उशीर होतोय," ते म्हणाले. उशीर अजिबात होत नव्हता.

वर्कशॉपमध्ये काम थांबलं. बाईंनी वेणी मुठीत धरली आणि खरंच ओढली, उगाच ओढल्यासारखं केलं नाही. पोराचं डोकं मागं गेलं, मान मागं गेली, अख्खा पोरगा दोन पावलं मागं गेला. एक केस काही सुटला नाही. बाईंनी वर हेल्मेट ठेवून पाहिलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"पास," त्या म्हणाल्या. "वस्ताद, माझ्या दोन मुली आहेत शाळेत. रोज सकाळी पाठवू का?"

सगळं वर्कशॉप हसलं. वस्तादांनी तोंड फिरवून नाक पुसलं. धूळ फार असते तिथं.

दिवस छान गेला. घोटाळा झाला तो संध्याकाळी, घरी आल्यावर. पोरगा दारातच कपाळ दाबत म्हणाला, "बाबा, डोकं ठणकतंय. सोडा आता."

"सोडतो ना," म्हणून वस्तादांनी हात पुढं केला, आणि हात तिथंच राहिला. त्यांनी दोऱ्याचं टोक शोधलं. सापडेना. वेणीचं टोक शोधलं. ते तर वेणीच्याच पोटात. अख्ख्या हयातीत त्यांनी हजारो जोड घातले होते, सोडवला एकही नव्हता. सोडवायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. वेणी म्हणजे सकाळी घालायची आणि संध्याकाळी सोडायची वस्तू, हे जगातल्या कुठल्याही माणसाला कळतं, वस्ताद सोडून!

बायकोनं तेल आणलं, कंगवा आणला, चिमटा आणला. न सापडणाऱ्या शिरा शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण तिनंही दहा मिनिटांत हात टेकले.

"अहो, तुम्ही पोराची वेणी घातलीत की जहाज बांधलंत?"

पोराचा चेहरा दुखण्यानं उतरला होता. पहिला वेढा मानेशीच होता. कापायचं तर तिथूनच कापायला लागणार, म्हणजे सगळेच. ते त्यालाही कळलं. त्यानं मान पुढं केली. मग म्हणाला, "काप, आई. वाढतील परत." आवाज त्यानं नीट ठेवला होता, पण खालचा ओठ काही ऐकत नव्हता.

तिनं कात्री आणली.

वर्षभर वस्तादांनी मागितलं ते हेच. कात्री समोर होती, पोरगा आपण होऊन मान पुढं करून बसला होता आणि त्यांना कोणी एका शब्दानं दोष दिला नसता.

"कात्री ठेव," वस्ताद म्हणाले.

"अहो, पण त्याचं डोकं..."

"ठेव म्हणतो ना! एकही केस कापायचा नाही. कळलं?"

त्यांनी चष्मा लावला, पिशवीतून सगळ्यात बारीक टोचा काढला आणि पलंगावर मांडी घालून बसले. "ये इकडं. ठेव डोकं."

पोरगा आडवा झाला, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून. वस्तादांनी पहिल्यांदा मानेशी गाडलेला दोरा गव्हाच्या दाण्याएवढा वर काढला. ताण सैल झाला तसा पोरानं सुस्कारा सोडला.

"बाबा, आज मला एकानं त्या मफलरचं सांगितलं. तुम्हीच विंच बंद केलात म्हणे."

"हं."

"मला का नाही सांगितलंत कधी? मला वाटायचं, तुम्हाला मी असा दिसतो त्याची लाज वाटते."

वस्तादांचा टोचा थांबला. "लाज? छे रे, वेड्या. लाज कसली?" एवढं बोलून ते बराच वेळ एका पेडाशी झटत राहिले. मग हळूच म्हणाले, "भीती वाटते. तू घराबाहेर पडलास की रोज वाटते. केस नसते तरी वाटली असती."

"मग रोज तुम्हीच घाला वेणी," पोरगा डोळे मिटत म्हणाला. "फक्त सुटेल अशी घाला."

"शिकतो," वस्ताद म्हणाले. सत्तावीस वर्षांत हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदाच वापरला असावा.

पहिल्या दिवसाची दमणूक. पोरगा बोलता बोलता झोपला. दुसरा वेढा सुटला, तिसरा सुटला. आत ओवलेली टोकं एकेक करून बाहेर आली. एक केस तुटला नाही. सगळे केस नागमोडी होऊन वस्तादांच्या मांडीवर पसरले. त्यांनी टोचा बाजूला ठेवला. पाय केव्हाचा बधिर झाला होता, तरी ते हलले नाहीत. त्यांचा खरबरीत हात पोराच्या डोक्यावरून सावकाश फिरत राहिला.

बायको दारात आली. "सुटली का? वाढू ना आता?"

वेणी सुटून पाव तास होऊन गेला होता.

"नाही अजून," वस्ताद हलक्या आवाजात म्हणाले. "थोडी राहिलीय. तू जेवून घे."

दारातून तिला सगळं दिसत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि तिन्ही ताटं झाकून ठेवायला गेली.