नोबडी इज नॉट हिअर

नायगावच्या रचनाला सातिवलीच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात पॅकिंगमध्ये चार वर्षं झाली, तेव्हा कुठे कल्पेशशेठनी तिला ऑफिसात फोनच्या खुर्चीवर बसवलं. तेही महिनाभरासाठी. "जमलं तर बस, नाहीतर आपलं पॅकिंग आहेच," म्हणाले. आता दहावीला इंग्रजीत पस्तीस मार्क मिळवताना नाकी नऊ आलेली पोरगी ती! पण ही खुर्ची तिला मनापासून हवी होती. पॅकिंगमध्ये दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडायचे.

विसाव्या दिवशी शेठच्या पुतणीचं लग्न निघालं आणि अख्खं ऑफिस विरारला जेवायला गेलं. नेमका तेव्हाच कोचीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. साहेब अंधेरीला उतरलेले, हिंदीचा गंध नाही. ऑफिसात कोणी आहे का, विचारत होते. रचनानं मनात 'कोनी नाय' म्हटलं आणि शब्दाला शब्द जोडला, "नोबडी इज नॉट हिअर."

झालं! आपलं मराठी 'कोणी' गरीब, त्याला जोडीला 'नाही' लागतंच. इंग्रजीतल्या नोबडीच्या पोटातच नाही असतं. दोन नाही एकमेकांना भिडले, आणि साहेब समजले की सगळे हजर आहेत.

दोन तासांनी टॅक्सी दारात. रिकाम्या खुर्च्या बघून साहेब तापले. "यू सेड एव्हरीबडी इज हिअर!"

आपण काय बोलून बसलो ते रचनाला आत्ता उमगलं. गेली खुर्ची, असं तिनं धरूनच टाकलं.

"सो नोबडी कॅन शो मी द गुड्स?"

हो म्हटलं की साहेब आल्या पावली परत. ती म्हणाली, "समबडी कॅन."

"हू?"

"मी."

हे ती मराठीत म्हणाली की इंग्रजीत, देव जाणे, पण साहेबांना बरोबर कळलं.

मग काय, चार वर्षं जो माल हाताळला तोच दाखवायचा होता. कुठल्या बिजागरीची पिन ढिली होते, कुठली खाऱ्या हवेत गंजते, सगळं तिनं उघडून, मिटून दाखवलं. लागलं तिथं "धिस बॅड, धिस गुड". संध्याकाळी शेठ परतल्यावर स्वतःची चूकही तिनंच सांगून टाकली. शेठ नुसतं "उद्या बघू" म्हणाले, तशी ती रात्रभर तळमळली.

सकाळी कोचीच्या साहेबांचा फोन शेठनी उचलला. थोडं ऐकलं आणि रिसीव्हर रचनापुढे धरला.

"घे. ऑर्डर तुलाच सांगायची म्हणतात," शेठ म्हणाले. "पॅकिंगला मी दुसरी कोणीतरी बघतो."