धाकटीच्या घराची मुदत

ताईने तीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. कोणाच्या रक्तात काय कमी, काय जास्त, हे ती एका नजरेत सांगायची. धाकट्या बहिणीचा विषय निघाला की मात्र तिचं स्वतःचंच रक्त उसळायचं, आणि त्यावर तिला कधी इलाज सापडला नव्हता.

दोघींनी एकाच वर्षी, एकाच मजल्यावर, समोरासमोर फ्लॅट घेतले होते. मापही एकच. घरं त्यांची, पण जमीन मालकाची, नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर. पट्टा संपला की घरही मालकाचं. आता त्यातली साठ वर्षं उरली होती.

एका सकाळी धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "ताई, मी पट्टा वाढवून घेतेय. आणखी नव्वद वर्षं. तूही घे ना, एकाच वकिलाकडे जाऊ."

"मला काय करायचंय? मी काय साठ वर्षं जगणार आहे?"

ताई हसत हसत म्हणाली, पण दार लावल्यावर तिथंच उभी राहिली. म्हणजे समोरचं घर दीडशे वर्षांचं होणार आणि आपलं साठावरच अडणार! तोवर दोघींपैकी कोणीच उरणार नव्हतं, हे काय तिला कळत नव्हतं? पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

हे दुखणं जुनं होतं. शिकलेली ताई. धाकटी बेकरीत केकवर फुलं काढणारी. तरी आई शेवटची चार वर्षं राहिली ती धाकटीकडे. "तिकडे उजेड आहे गं," एवढंच म्हणाली होती.

पंधरा दिवसांनी धाकटीचा बेकरीतून फोन आला. "ताई, जमीनमालकाचा माणूस घराची किंमत ठरवायला आलाय आणि मी इथं अडकलेय. तुझ्याकडची किल्ली घेऊन दार उघड ना. फक्त फार बोलू नकोस हं. घर जितकं भारी दिसेल तितकं मालक पट्टा वाढवायला जास्त मागेल, असं वकील म्हणालेत."

ताईने दार उघडलं. हातात टेप घेतलेला, घाईतला माणूस होता तो. भिंती मोजून, चार ओळी लिहून निघालाही असता.

"उजेड बघितलात?" ताई म्हणाली. "दिवसभर दिवा लावावा लागत नाही."

तो थांबला. मग ताईही थांबेना. ओटा दोन वर्षांपूर्वीच नवा केलाय. कपाटं सुताराकडून मापाने करून घेतलीत. गॅलरीत संध्याकाळी असा वारा येतो की उठवत नाही. आमच्याकडे यातलं काही नाही हो, मापं सारखी असली तरी. तो लिहीत गेला. सगळं घात करायला म्हणून बोलत होती ती, पण त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तेच तिला सलत होतं.

मालकाचा आकडा आला तेव्हा धाकटी कागद घेऊन समोर आली. "यात लिहिलंय, माहिती शेजारी राहणाऱ्या बहिणीने दिली."

ताईने ती ओळ स्वतः वाचून पाहिली.

"तो कोणाचा माणूस आहे, हे मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंस."

धाकटीने कागदाची घडी घातली. "पंचवीस वर्षांत माझ्या घराला एकदा छान म्हणाली नाहीस. म्हणालीस ते त्याला."

महिनाभर दोन्ही दारं बंद. वकिलाने घासाघीस करून आकडा खाली आणला, धाकटीचा पट्टा वाढला. शेवटी ताईच तिच्याकडे गेली. "चुकलं माझं," म्हणाली. "मत्सर वाटला. अजून वाटतो." आणि मग अर्धवट पुटपुटत, "मलाही अर्ज करायचाय."

"उशिरा का होईना, बोललीस," धाकटी म्हणाली. तिने वकिलाचा नंबर दिला. चहाला मात्र बस म्हणाली नाही.

तोच टेपवाला ताईकडे आला, तेव्हा धाकटी न बोलावता येऊन बसली. "घर जुनंच आहे हो," ती त्याला म्हणाली. "ती ओल बघा. ओटा तडकलाय. आणि दुपारीसुद्धा अंधार, आमच्या आईला इथं करमायचं नाही."

बहीण आपलं भलंच करतेय, हे ताईला पुरतं कळत होतं. तरी तिची कानशिलं तापली, आणि तोंड उघडू नये म्हणून तिने ओठ दाताखाली दाबून धरले.

आकडा कमी आला. सह्या झाल्या. ताईचंही घर दीडशे वर्षांचं झालं. त्याच आठवड्यात तिने रंगारी बोलावला आणि बजावलं, "समोरच्यांच्यापेक्षा उजळ रंग दाखवा."