किनुयोबाईंची सुट्टी

नोरिएने गुडघे टेकून दार सरकवले, संध्याकाळच्या जेवणाचे पहिले ताट आत ठेवले आणि मान वर केली, तर खोलीत चौघांऐवजी पाच माणसे बसली होती.

चौघे हॉलंडहून आलेले. वाउटर नावाचा उंच बाप, ज्याचे गुडघे दोन दिवस झाले तरी बैठ्या टेबलाखाली मावत नव्हते. त्याची बायको मारायके. बारा वर्षांची फेना आणि पाच वर्षांचा तेऊन. पाचवी बाई मानाच्या जागी, भिंतीवरच्या चित्रासमोर बसली होती. अंगात पाहुण्यांसाठीचा निळा-पांढरा सुती झगा, युकाता, केस ओले, गाल गरम झऱ्याच्या पाण्याने लालबुंद. त्या नोरिएच्या सासूबाई, किनुयोबाई होत्या.

नोरिएचे कान तापले. गेल्याच महिन्यात किनुयोबाई अशाच एका जोडप्याच्या खोलीत शिरून त्यांच्या गाद्या गुंडाळू लागल्या होत्या. त्या जोडप्याने तक्रार लिहून ठेवली. नोरिएचा नवरा शिगेरू ती वाचून दुसऱ्याच दिवशी गावातल्या वृद्धाश्रमात आईचे नाव देऊन आला. आठ खोल्यांची सराई. पाहुणे तुटले तर खायचे काय, हे त्याला सांगावे लागले नाही.

"माफ करा," नोरिए जमिनीला डोके लावत म्हणाली. "यांना आत्ता घेऊन जाते. आई, चला."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले. ओळखीची एक रेघही चेहऱ्यावर नव्हती, पण हसू होते.

"या, या. इथल्या मालकीणबाई तुम्हीच का? फार छान जागा आहे हो तुमची. पाणी तर काय सुरेख!"

तेवढ्यात फेना ताठ बसली. ही मुलगी जपानी शिकली होती ती तलवारबहाद्दरांच्या चित्रकथा वाचून, त्यामुळे तिच्या तोंडून सगळे सरदारी थाटातच बाहेर पडे. काल तिने चहा मागितला तो "पेय हजर करा!" असा.

"मालकीण, ऐका!" ती म्हणाली. "या थोर आजी आम्हांस स्नानगृहात भेटल्या. आम्ही त्यांना भोजनाचे आमंत्रण दिले आहे. आम्ही दिलेला शब्द मोडत नाही!"

मारायके मुलीच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. फेना थोडी नरमली आणि शब्द शोधत म्हणाली, "आई म्हणते, दोन दिवस तुम्ही सगळे आमची बडदास्त ठेवताय. आम्हांलाही एक पाहुणा हवा होता."

किनुयोबाईंनी मान डोलावली. "मी पण सुट्टीवर आलेय," त्या नोरिएला विश्वासात घेऊन म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा. काम सोडवतच नव्हतं. शेवटी म्हटलं, एकदा जाऊन तर बघू, लोक करतात तरी काय."

बासष्ट वर्षे त्या या घरात होत्या. या खोलीत हजारो ताटे त्यांनी आणली असतील. त्यांच्यासमोर ताट आलेले मात्र कोणी पाहिले नव्हते.

नोरिए उठली आणि स्वयंपाकघरात गेली. शिगेरू निखाऱ्यांवर मासे भाजत होता.

"अहो, आई पाहुण्यांच्या खोलीत आहेत."

"परत?" त्याने चिमटा खाली ठेवला. "थांब, मी आणतो तिला."

"नको. पाचवं ताट करा."

"कुणाचं?"

"पाहुण्यांचं."

शिगेरूने ओट्यावरच्या फळीवर ठेवलेला प्लास्टिकचा वाडगा घेतला, ज्यात आईसाठी रोज मऊ भात कालवला जाई. नोरिएने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"लाखेचा वाडगा द्या. आणि मासा अख्खा हवा."

"काटे आहेत त्यात. ठसका लागेल तिला."

"मी काटा काढून देईन ना समोर बसून. कुठल्याही पाहुण्याला देतेच की."

त्याने अख्खा मासा काढला. शेपटीला मीठ लावताना त्याचा हात जरा जास्त वेळ घुटमळला.

पाचवे ताट घेऊन नोरिए आत गेली आणि सासूबाईंसमोर बसली. चौतीस वर्षांपूर्वी सेंदाई शहरातून नवी नवरी म्हणून ती इथे आली, तेव्हा ताट कसे धरायचे इथपासून सुरुवात झाली होती. वाडगा दोन बोटे डावीकडे सरकला तरी किनुयोबाई तो उचलून परत ठेवायला लावत. सगळे बिनचूक झाले की म्हणत, "चालेल." याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. नोरिएने पहिल्या थंडीत दोनदा बोचके बांधले होते आणि दोनदा सोडले होते.

आता किनुयोबाईंनी वाडग्यावरचे झाकण उचलले. वाफ नाकाशी घेतली. झाकणाच्या आतली बाजू पाहिली, ताटाच्या कडेखालून बोट फिरवले आणि ते बोट उजेडात धरले. वाउटरसुद्धा नकळत घास थांबवून बघू लागला.

"हं," किनुयोबाई म्हणाल्या आणि सार प्यायल्या.

नोरिएने माशाच्या पाठीवर जेवणाच्या काडीने हलके दाबले, डोके धरून ओढले आणि अख्खा काटा सरळ बाहेर काढला. तेऊनने टाळ्या वाजवल्या. फेना ओरडली, "काय हे कसब! आम्ही प्रसन्न झालो!"

"बघ की," किनुयोबाई तिला म्हणाल्या. "असं दहातल्या नऊ जणींना जमत नाही. मालकीणबाई, हे तुम्हांला शिकवलं कुणी?"

नोरिएने काटा बशीत नीट आडवा ठेवला.

"माझ्या सासूबाईंनी."

"कडक असतील."

"हो. फारच."

सरकत्या दाराबाहेर भात घेऊन आलेला शिगेरू खोकला.

"जाच केला असेल तुम्हांला?"

"सुरुवातीची दहा वर्षं," नोरिए म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द कधीच, कोणापुढेही निघाले नव्हते. ते इतके सहज निघतील असे तिला वाटले नव्हते. "मग सवय झाली. त्यांना माझी, मला त्यांची."

"कौतुक काही केलं नसेल कधी."

"नाही."

"नाहीच करत." किनुयोबाईंनी माशाचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. "घर चालवायचं असतं हो त्यांना. एकदा म्हटलं छान, की माणूस सैलावतो अशी भीती वाटते. चूकच आहे ते. पण वाटते." मग हात पुसून त्या म्हणाल्या, "असं करा, घरी गेलात की त्यांना माझा निरोप सांगा. एक पाहुणी आली होती म्हणावं. तिनं सांगितलंय, सून फार गुणी मिळालीय तुम्हांला."

नोरिए पुढे वाकली. पाहुण्याने कौतुक केल्यावर वाकायचे असते, तेवढीच वाकली. पण उठायला तिला वेळ लागला. कपाळ चटईला टेकलेले असताना तिने गवताचा वास घेतला, एकदा, दोनदा.

"सांगते," ती म्हणाली.

मारायकेला एक शब्दही कळला नव्हता. तिने फेनाकडे पाहिले. फेनाने मान हलवली आणि आपल्या भाषेत हळूच काहीतरी सांगितले. मग मारायकेने उठून सगळ्यांचे पेले स्वतःच भरले, नोरिएसाठीही एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांचे सामान गाडीत चढले, तेव्हा किनुयोबाईही कोट घालून, कापडी गाठोडे काखेत धरून दारात हजर झाल्या. सुट्टी संपली होती. त्यांना निघायचे होते.

"आई, कुठं निघालीस?" शिगेरूने त्यांचा दंड धरला. "आत चल, थंडी आहे."

"सोडा हो!" त्या चिडल्या. "घरी कामं पडलीत माझी!"

त्यांचा आवाज चढला. अशा वेळी पुढे काय होते ते दोघांनाही ठाऊक होते: रडणे, मारणे, मग दिवसभर भिंतीकडे तोंड. वाउटरने एकदा बायकोकडे पाहिले आणि गाडीचे पुढचे दार उघडून धरले. फेना पुढे झाली.

"आजींना नदीच्या पुलापर्यंत सैर घडवतो," ती नोरिएच्या कानात म्हणाली. "आणि परत आणतो. शपथ!"

किनुयोबाई गाडीत बसल्या. नोरिए रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि गाडी निघाली तशी कमरेतून वाकली. वळणाआड जाईपर्यंत वाकूनच राहिली. गाडीच्या काचेतून एक सुरकुतलेला हात हलत होता.

"परत आल्यावर ओरडेल," शिगेरू म्हणाला. "फसवलं म्हणेल."

"म्हणू देत."

पंधरा मिनिटे दोघे तिथेच थांबले. नदीवरचे धुके वर सरकत होते. मग गाडीचा आवाज आला. वाउटरने उतरून दार उघडले, किनुयोबाईंना हात दिला. त्या उंबऱ्यापाशी आल्या, पाटीवरचे सराईचे नाव वाचले आणि ओळखीचे हसल्या.

"मागच्या वेळी इथं फार छान सोय झाली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून परत आले. खोली आहे का?"

"आहे," नोरिए म्हणाली. "या. वाटच बघत होतो."

शिगेरूने पुढे होऊन गाठोडे घेतले.

"मुक्काम किती दिवस, बाई?" त्याने विचारले.

किनुयोबाईंनी नोरिएकडे बोट दाखवले. "या ठेवून घेतील तितके."

त्या पायरीवर टेकल्या. नोरिएने खाली बसून त्यांचे बूट काढले. पाहुण्यांचे बूट दाराकडे तोंड करून मांडायची रीत असते, निघताना सोपे जावे म्हणून. नोरिएने ते उचलले, तळाची माती कमरेच्या रुमालाने पुसली आणि आतल्या बाजूला, घरच्यांच्या कपाटात ठेवले.