दोरीला हात

सुई दातांत धरूनच दाजींनी विचारलं,

"मगे आज काय शिकयलंस?"

भक्तीने खांद्यावरची पिशवी घरापुढच्या खळ्यातच टेकवली. सहा तास बोलून घसा बसला होता, पाय भरून आले होते, आणि तरी घरात शिरण्याआधी सासऱ्याला, दाजींना, शाळेची खबर द्यायची हे रोजचंच होतं. नवरा, धनेश, दिवाळीपासून बाहेर. घरात ही दोघंच, आणि दाजींच्या मांडीवर ते कधी न संपणारं जाळं.

"एक राजा शिकयलंय. इंग्लंडचो. आठशे वर्सांपूर्वीचो."

"बरो होतो?"

"कसलो बरो! मनाक येयत तो कर लावी, मनाक येयत तेका बंदीत घाली. शेवटाक सरदार एकठय झाले, नदीकाठच्या कुरणात तेका गाठल्यानी आणि सनदेर मोहोर मारून घेतल्यानी. राजा झालो तरी तो कायद्याखालीच. कोणाक धरूचा, घरादारातसून काढूचा, वाळीत घालूचा, तर तेच्या बरोबरीच्या माणसांनी न्याय करूक होयो, नायतर देशाच्या कायद्यान. राजाच्या मर्जीन नाय."

"आणि तेना पाळल्यान?"

"खंय! दोन-तीन म्हयन्यांत रद्द करून घेतल्यान."

दाजी हसले. "मगे पोरांका कित्याक पिडतंस?"

"तो मेलो, पण सनद रवली. पुढच्या राजांकडसून परत परत कबूल करून घेतल्यानी. सरदारांनी आपल्यापुरता मागलेला, ता हळूहळू सगळ्यांचा झाला. आपल्या घटनेत पण आसा ना, कायदो सोडून कोणाचो जीव, कोणाची मोकळीक काढून घेवक येणा नाय. तेचा मूळ थंय."

दाजींनी सुई पुन्हा जाळ्यात घातली. एरवी ते राजाचं नाव, त्याच्या राण्या, त्याची गलबतं, सगळं विचारून भंडावून सोडायचे. आज मघाचा 'वाळीत' हा शब्द आड आला, आणि का आला ते दोघांनाही ठाऊक होतं.

दाजी वाडीच्या रापणीचे मुख्य. होडीने समुद्रात जाळ्याचा अर्धा वेढा घालायचा, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि सगळ्यांनी मिळून ओढायच्या. ज्याचा दोरीला हात, त्याचा मासळीत वाटा. गेल्या वर्षी रापणीतल्याच बाबुशचा मुलगा डॅनियल लायटीच्या बोटीवर कामाला लागला. या बोटी रात्री पाण्यावर झगझगीत दिवे सोडतात, मासळी उजेडाला गोळा होते आणि पिल्लांसकट उपसली जाते. किनाऱ्यावरच्या रापणीला मग शेवाळ मिळतं. दाजींचं डोकं फिरलं. कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही, भर वाळूत त्यांनी सांगून टाकलं की बाबुशचा हात आता दोरीला नको. झालं. जन्मभर दोरी ओढलेला माणूस लांब उभा राहून बघायला लागला.

आणि मग दिवाळीला धनेश गेला. तोही लायटीच्याच बोटीवर. दाजी मात्र विचारणाऱ्याला सांगत, "रत्नागिरीक आसा, कंपनीत." सगळ्या वाडीला खरं माहीत होतं आणि सगळी वाडी मूग गिळून बसली होती. दाजींचा हात दोरीवर होता तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना भक्तीला बाबुश उपड्या होडीवर बसलेला दिसला. तिने नजर चुकवायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"सोमवारी जातंय गो," तो म्हणाला. "वास्कोक. वॉचमनाचा काम गावला."

"ह्या वयात, बाबुशकाका?"

"मगे काय करू? घरकारीण म्हणता, माझी कोन्सेसांव, आणखी एक हंगाम असो वाळूत बसलंस तर खुळो होशीत. खरा आसा तेचा. झीलान, डॅनियलान केल्यान, तेका मी घरात घेवक नाय. आणि काय करूचा, सांग? माझे हात कित्याक तोडल्यानी?" तो रागावलाही नव्हता. रागवायची ताकदच संपल्यासारखा बोलत होता. "रविवारची पयली रापण बगतंय आणि जातंय."

त्या दिवशी तिने वर्गात काय शिकवलं, तिचं तिला आठवेना. संध्याकाळी तिने दाजींसमोर चहा ठेवला आणि तिथेच बसली.

"बाबुशकाका गाव सोडून चल्लो."

"आयकलंय."

"धनेश खंय आसा, ता तुमका म्हायत आसा दाजीनू."

घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. दाजींनी कप उचलला, न पिताच खाली ठेवला.

"तुझो घोव तो."

"माझो घोव म्हणानच बोलतंय. दुसऱ्या कोणाचा तोंड उघडूचा नाय."

मग दाजी म्हणाले, "आता नियम सोडलंय, तर लोक म्हणतले स्वताचो झील गेलो म्हणान सोडल्यान. धरून बसलंय, तर..." त्यांनी हात हवेतच टाकला. "दमलंय गो मी. लय दमलंय."

तिला त्यांची कीव आली, आणि तितकाच रागही आला. ती कप उचलून आत गेली.

रविवारी सकाळी वाडी किनाऱ्यावर जमली. होडीला फुलं वाहिली. बाबुश नेहमीसारखा लांब, पण आज अंगात धुतलेला शर्ट. दाजी हातात नारळ घेऊन दर्याकडे तोंड करून उभे राहिले आणि देवाला गाऱ्हाणं सुरू झालं, प्रत्येक ओळीला वाडीचा होकार.

"बा देवा म्हाराजा! आज ही वाडी हंगामाची पयली रापण घालता हा, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेक वादळ नको, जाळ्याक खडक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या घरातलो माणूस लायटीच्या बोटीर गेलो, त्या घराचो हात ह्या दोरियेक लागता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार जरा जास्तच जोरात होता. बाबुशने मान खाली घातली.

"मगे ता घर बाबुशाचा असांदे, नायतर गाऱ्हाणा घालणाऱ्या ह्या दाजीचा असांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथली पोरं आई-बाबा म्हणायच्या आधी हे म्हणायला शिकतात. दाजींचा सूर चढला की तोंड आपोआप उघडतं, अर्थ मागून येतो. अर्थ आला तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. पण देवासमोर गेलेला होकार कोण परत घेणार?

"दाजीनू," जितेंद्र पुढे झाला. तो रापणीतला दुसऱ्या नंबरचा माणूस. "तुमची गोष्ट येगळी."

"येगळी कशी? सांग मरे."

दाजींनी नारळ जितेंद्रच्या हातात दिला, चालत गेले आणि बाबुशपासून हातभर अंतरावर वाळूत बसले. दोघंही एकमेकांकडे न बघता समुद्राकडे बघत राहिले.

होडी गेली, जाळं पडलं, दोऱ्या किनाऱ्याला आल्या. जितेंद्र ओरडला, "धरा रे!"

भक्ती बायकांच्या रांगेत होती. तिने हात मागे घेतला. ती त्याच घरातली. मग पुरुषांच्या रांगेतल्या शिवाने दोरी सोडली. त्याचा धाकटा मुलगा शिमग्यापासून 'मुंबईत' होता. मग बाबली बाजूला झाला. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही, ज्याचं त्याला माहीत होतं. बघता बघता दोन्ही दोऱ्यांवर मिळून चार म्हातारे आणि जितेंद्र उरले, आणि जितेंद्रही आपल्या हाताकडे असा बघत होता की बघणाऱ्यांना त्याच्याही घरचं कळून चुकलं. त्यानेही सोडली.

ओहोटीने जाळं ओढलं, चार म्हाताऱ्यांना ते पेलेना. दोऱ्या वाळूवरून सरसर पाण्याकडे निघाल्या. होडीवरचे लोक हातवारे करून बोंबलत होते. वाडीची सगळी पुंजी त्या जाळ्यात होती आणि एक माणूस हलत नव्हता.

"अरे मेल्यांनो, जाळा व्हावान जाता!"

बाबुश उठून धावत सुटला होता. गुडघाभर पाण्यात शिरून त्याने एका दोरीचं टोक पकडलं, टाचा रोवल्या. "नियम काय तो मागीर करूया! सगळ्यांनी बसान करूया! आदी धरा!"

शिवाने धरली. बाबलीने दुसरी धरली. जितेंद्र आला, बायका आल्या, भक्तीही आली, आणि दोन्ही दोऱ्या ताठ झाल्या.

दाजी बसूनच होते. त्यांना कोणी बोलावलं नाही. दाजींना बोलवायची रीतच नव्हती, ते बोलवायचे. शेवटी ते उठले, पाण्याकडे आले आणि बाबुशच्या मागे उभे राहिले. या किनाऱ्यावर त्यांनी आजवर कोणाला काही विचारलं नव्हतं.

"बाबुश," ते म्हणाले, "हात लावू मां?"

बाबुशला धाप लागली होती. दोरी न सोडता तो पाऊलभर पुढे सरकला आणि मागे एका माणसापुरती जागा केली.