पिवळं दिसलं की तवा ठेवायचा

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी छत्री आहे. माझ्या दोन काड्या मोडल्या आहेत आणि दांड्याला बांधलेली सुतळी काळी पडली आहे. तुम्हाला वाटेल, पावसाने माझे हे हाल केले असतील. पण पाऊस मी आयुष्यात चार-पाच वेळाच पाहिला. मला मोडलं ते वाऱ्याने. आणि त्याआधी मला मोडलं ते माझ्याच माणसाने, हात न लावता.

माझा सांगाडा मुळात कुणा परदेशी पाहुण्याचा होता. मराकेश शहरातून समुद्रकाठच्या एस्सावीरा गावाला एका दिवसाची सहल जाते, त्या गाडीत तो पाहुणा आपली काळी छत्री विसरून गेला. गाडीबरोबरचा वाटाड्या होता अल्लाल. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पाच भाषांत विनोद सांगणारा माणूस. तो एस्सावीराचाच. लग्न करून मराकेशला राहिला होता, पण त्याची आई मबारका अजून गावातल्या जुन्या घरात, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. तिने मराकेशला यावं म्हणून त्याने पुष्कळ विनवण्या केल्या. ती म्हणायची, "तिथे समुद्र नाही. मग मी दिवसभर कुणाची वाट बघू?"

मबारकाच्या डोळ्यांवर पडदा आला होता. माणसांची तोंडं तिला दिसत नसत. उजेड कळे, आणि एखादा भडक रंग कळे. अल्लालने ती काळी छत्री तिला दाखवली आणि सांगितलं, "गर्दीत ही वर धरली की पाहुणे माझ्या मागे येतील." ती म्हणाली, "पाहुण्यांचं झालं. माझं काय? मला काळं दिसत नाही."

मग ती उठली. खुंटीवर तिच्या नवऱ्याचा पिवळा मेणकापडी कोट टांगलेला होता. तो मासेमारी करायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि कोट तेव्हापासून तिथेच होता. तिने तो खाली घेतला, कात्रीने त्याचे आठ तुकडे केले आणि जाळी शिवायच्या जाड सुईने ते माझ्या काड्यांवर शिवले. बोटांनी चाचपत शिवले. टाके वाकडे होते, पण घट्ट होते. मला डांबराचा आणि सार्डिन माशांचा वास येत होता. अल्लाल नाक धरून हसला. ती म्हणाली, "हास. तुझ्या बापाचा वास आहे तो. त्याच वासावर तू वाढलास."

त्या गल्लीतल्या कोळ्यांच्या बायकांची एक रीत होती. माणूस दर्यावर असला की चुलीवर तवा ठेवायचा नाही आणि तोंडात घास घालायचा नाही. गच्चीवर उभं राहायचं. बंदराच्या तोंडाशी पिवळा कोट दिसला की तवा ठेवायचा. माणूस जिना चढून येईपर्यंत रव्याची जाड रोटी फुगलेली असली पाहिजे. मबारकाने चाळीस वर्षं असं केलं. नवरा गेल्यावर वाट बघायला कुणी उरलं नाही, म्हणून ती कधीही, काहीही खायची. मी आले आणि तिची रीत पुन्हा सुरू झाली.

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं होती. आठवड्यातून तीनदा आम्ही निघायचो. सकाळी साडेसातला मराकेशच्या मोठ्या मनोऱ्याजवळ अल्लाल मला उघडून उभा राहायचा आणि कुठून कुठून आलेली माणसं माझ्याखाली जमायची. बूजमा गाडी चालवायचा. वाटेत अर्गनच्या झाडांवर बकऱ्या चढवून ठेवलेल्या असत, तिथे फोटोसाठी थांबावंच लागे. बूजमा दर वेळी म्हणायचा, "बघ अल्लाल, या बकऱ्यांची नोकरी आपल्यापेक्षा बरी. झाडावर उभं राहायचं आणि एकाच प्रश्नाला दिवसातून वीस वेळा उत्तर द्यायचं नाही." पुढे त्याच झाडांच्या बियांचं दगडी जात्यावर तेल काढणाऱ्या बायकांकडे थांबायचो. त्या मला बघून ओरडायच्या, "आली रे आली, कोळ्याची छत्री आली!"

अकराला आम्ही एस्सावीराच्या वेशीतून आत शिरायचो. तिथे वारा असा असतो की टोप्या उडतात आणि माणसं तिरकी चालतात. अल्लाल मला दोन्ही हातांनी धरून वर उचलायचा. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर एक पांढरी गुंडाळलेली आकृती असायची. मी दिसले की ती आकृती आत पळायची. पाहुण्यांना चार वाजेपर्यंत मोकळं सोडून अल्लाल जिना चढायचा, तेव्हा रोटीचा वास पहिल्या मजल्यापर्यंत आलेला असायचा. मी दाराशी टेकून उभी असायचे आणि आतलं सगळं ऐकायचे.

"जगाला माझं गाव दाखवतोस. मला तोंड तेवढं दाखव कधीतरी निवांत."

"आई, आलोय ना."

"आलायस, पण बूट काढले नाहीस. बूट घालून बसणारा माणूस आलेला नसतो, निघालेला असतो."

चार वाजता घड्याळाच्या मनोऱ्याखाली मी पुन्हा उघडायचे. गच्चीवरची पांढरी आकृती पिवळं वेशीबाहेर जाईपर्यंत उभी राहायची. सात वर्षं हे असंच चाललं.

मग सहलीच्या कंपनीत नवा व्यवस्थापक आला. तरुण, स्वच्छ कपड्यातला. त्याने सगळ्या वाटाड्यांना निळे झेंडे दिले, त्यावर कंपनीचं चिन्ह होतं. मला दोन बोटांनी उचलून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अल्लालभाई, ही छत्री आहे की सुकवलेला मासा?" बाकीचे वाटाडे हसले. अल्लालही हसला. पण मला परत हातात घेताच त्याने घाईने मिटून टाकलं. त्या दिवशी त्याने मला गाडीच्या मागच्या बाकाखाली सरकवलं.

खरं सांगते, मित्रांनो, एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात मी, एवढंच करायचं होतं. कुणी मनाई केली नव्हती. बूजमा दोनदा म्हणालाही, "अरे, ती पण घे की. म्हातारी वर बसली असेल." अल्लाल म्हणाला, "आज राहू दे. हे नवे लोक बघतात." त्याला माझी लाज वाटत होती. लाज माझी होती की त्या कोटाची, की ज्या घरातून तो कोट आला त्या घराची, ते त्याने स्वतःलाही विचारलं नसेल.

नव्या नियमाने वाटाड्याने पाहुण्यांबरोबरच जेवायचं होतं आणि चारपर्यंत त्यांना सोडायचं नव्हतं. जिना चढणं बंद झालं. तो गच्चीखालून जायचा, झेंडा हलवायचा आणि पुढे निघायचा. संध्याकाळी परतताना गाडीतून फोन करायचा. बाकाखालून मला सगळं ऐकू यायचं.

"आई, मी आज खालून गेलो. झेंडा हलवला. दिसला नाही?"

"निळा ना? इथे आभाळ निळं, होड्या निळ्या, दारं निळी. त्यात तुझं कुठलं निळं मी ओळखू?"

"पुढच्या वेळी छत्री आणतो."

"आण."

"जेवलीस ना?"

"जेवले, जेवले. तू गाडीत बोलू नकोस, डोकं दुखेल तुझं."

पुढच्या वेळी तो विसरला. त्याच्या पुढच्या वेळी पाहुण्यांत व्यवस्थापकाच्या ओळखीचा कुणीतरी होता. तिसऱ्या आठवड्यात फोनवर ती म्हणाली, "अल्लाल, येत नसशील तर येत नाही म्हण. मला खोटं सांगू नकोस, बाळा. मी रागावणार नाही." तो म्हणाला, "आई, शपथेवर सांगतो, खालून गेलो." ती मग म्हणाली, "बरं. जेव नीट."

ती जेवत नव्हती. हे आम्हाला नंतर कळलं. पिवळं दिसलं नाही, म्हणजे माणूस अजून दर्यावर आहे, म्हणजे तवा ठेवायचा नाही. अकरापासून चारपर्यंत ती गच्चीवर वाऱ्यात बसायची. शेजारची रहमा संध्याकाळी जबरदस्तीने थोडं सूप पाजायची. पहिल्या काही दिवसांनंतर सहलीचा दिवस कोणता आणि मधला कोणता, तेही तिला कळेनासं झालं. ती रोजच बसू लागली.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी पाहुणे बंदराजवळ भाजलेले मासे खात होते. अल्लाल त्यांना काटे कसे काढायचे ते दाखवत होता. तेवढ्यात पांढरी चादर पांघरलेली रहमा माणसांतून वाट काढत आली आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडली.

"तू यांना घास भरवतोयस? तिकडे तुझी आई तीन दिवस तापाने फणफणलीय आणि 'पिवळं दिसलं का' एवढं एकच विचारतेय!"

तो धावत गेला. खोलीत शिरून म्हणाला, "आई, मी अल्लाल." तिने आवाजाकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "अल्लाल आला की आधी पिवळं दिसतं. तू कुणाचा, बाबा?"

तेव्हा तो मला न्यायला आला. गाडी वेशीबाहेर लांब उभी होती. धापा टाकत त्याने मागचा बाक उपसला. माझ्यावर पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचे तरी बूट पडलेले होते. बूजमा फक्त म्हणाला, "पाहुण्यांना मी नेतो. कंपनीला काय सांगायचं ते मी सांगतो. तू जा."

गल्लीत शिरताच त्याने मला उघडलं. ती गच्चीवर नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तरीही उघडलं. दोन्ही हातांनी मला डोक्याच्या वर धरून तो धावत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वाऱ्यापुढे टिकले नाही. इतके दिवस बाकाखाली दुमडून माझ्या काड्या वाकल्या होत्या. मी उलटी झाले, दोन काड्या मोडल्या. कापड मात्र फाटलं नाही.

तशीच, वाकडीतिकडी, त्याने मला तिच्या अंथरुणापाशी धरलं. आता तिला पिवळंही दिसत नव्हतं. तिने हात लांब केला. बोटं माझ्या कापडावरून फिरली, तिच्याच टाक्यांवर येऊन थांबली. मग तिने मला नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"आलात?" ती म्हणाली. "फार उशीर केलात हो. रहमा, तवा ठेव."

अल्लाल म्हणाला, "आई..."

"अल्लाललाही हाक मारा," ती मलाच सांगत होती. "पोरगं हल्ली दिसत नाही. आधी नेमाने यायचं. माझं काही चुकलं असेल."

अल्लाल तिच्या पायाशी बसला होता. तिचं पाऊल त्याच्या दोन्ही हातांत होतं. तो मग आवाज जाड करून, बापासारखा, म्हणाला, "येतोय तो. वाटेतच आहे."

"मग दोन रोट्या जास्त टाक गं," ती रहमाला म्हणाली.

रहमाने तवा ठेवला. किती दिवसांनी त्या घरात रोटीचा वास आला. मबारकाने एक तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. मुठीत धरून ठेवला. अल्लाल आला की खाईन, म्हणाली. त्याने बूट काढले. दाराशी नीट जोडून ठेवले. पण आता ते कुणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मूठ उघडली तेव्हा तुकडा तसाच होता.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, आता मी कुठे असते. रहमाने मला सुतळीने बांधून गच्चीच्या खांबाला लावलं आहे. अल्लालनेच तिला तसं सांगितलं. तो अजून सहली आणतो. पाच भाषा बोलतो, पण विनोद थोडे कमी झालेत. खारा वारा माझं कापड रोज थोडं थोडं खातो, आणखी एखाद-दोन हिवाळे मी काढेन.

मला तेल लावा, मला सावलीत ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं वय झालं. एवढंच सांगते, तुमच्या घरी कुणीतरी तुम्हाला एखाद्या खुणेने ओळखत असेल. जिन्यावरच्या पावलांनी, खोकल्याने, जुन्या सायकलच्या घंटीने. दुसरे हसतात म्हणून ती खूण टाकून देऊ नका. आणि टाकलीच, तर जिना चढून जा, शेजारी बसा आणि हाताला हात लावून सांगा की मीच आहे.

अकरा वाजत आले आहेत. वेशीतून निळा झेंडा आत येतोय. तो या गच्चीखाली थांबेल, पाहुण्यांना म्हणेल, दोन मिनिटं. मग मान वर करून पिवळं बघेल. आत चूल थंड आहे. तवा खुंटीवर आहे, जिथे पूर्वी कोट होता.